एन्नोरच्या खाडीत आडवा झालो तेव्हा

आई गेली त्या पहाटे मी खोटं बोललो. हे लिहायला मला फार वेळ लागला, म्हणून आधीच लिहून टाकतो.

मद्रासमधली ट्राम बंद होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही मैलापुरात राहत होतो. माझी नोकरी रेल्वेच्या वेळापत्रक विभागात. गाडी कुठे किती मिनिटं थांबेल, कुठली गाडी कुणाला वाट देईल, हे ठरवण्यात दिवस जायचा. दोन मिनिटांची चूक म्हणजे काय हे मला समजतं. आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी मीच बसायचो. त्या पहाटे चार वाजता तिला चमच्याने पाणी पाजलं, ते तिने गिळलं, हे पक्कं आठवतं. मग खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच चाळीस झाले होते आणि आईचा हात गार होता.

त्या दिवशी चार बावन्नला दशमी संपून एकादशी लागत होती. आई त्याच्या आधी गेली की नंतर, हे सांगू शकणारा माणूस एकटा मी, आणि मी झोपलो होतो. भटजींनी वेळ विचारली. मी म्हणालो, "पाच चाळीस. माझ्या हातात हात होता." तंजावरहून धाकटी बहीण आली तीही हेच ऐकून. धाकटी असली तरी आम्ही घरात तिला आक्काच म्हणतो. ती रडता रडता म्हणाली, "आण्णा, तू जवळ होतास आणि आईला एकादशी मिळाली. आणखी काय हवं?" बारा दिवस येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता. मी मान हलवत होतो.

पुढचे अकरा महिने मी एका जागी बसू शकलो नाही. जेवताना उठायचो, पूजेत मंत्र विसरायचो. पत्नी म्हणायची, "अहो, पाटाला काय काटे आहेत?" रोज सकाळी समुद्राकाठाने अड्यार नदीच्या मुखापर्यंत चालत जायचो. सात हजार पावलं जायला, तितकीच यायला. समुद्रापाशी मन निवतं असं लोक सांगतात. मी लाटा मोजत होतो. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की हटकून म्हणायचं, "पुण्यवान हो तुमची आई, एकादशी साधली." वर्षश्राद्ध जवळ येत होतं. संकल्पात तिथी उच्चारायची ती मीच. तिथी चुकली तर आईला माझ्या हातचा घास पोहोचणार नाही, हा विचार डोक्यातून जाईना. आणि खरं सांगायला तोंड उघडेना.

पौष अमावास्येला, ओळखीचं कुणी भेटू नये एवढ्याच हेतूने, मी सकाळच्या गाडीने एन्नोरला गेलो. तेव्हा तिथे खाडी, वाळू आणि कोळ्यांच्या झोपड्या एवढंच होतं. उथळ पाण्यात लांब पायांचे पांढरे पक्षी उभे होते. मी मोजायला लागलो. एकशे चाळीसपर्यंत गेलो, तेवढ्यात थवा हलला आणि गणती मोडली. चिडून पुढे निघालो. कमरेइतक्या पाण्यात जाऊन स्नान करावं, सूर्याला अर्घ्य द्यावं, म्हणून पाण्यात उतरलो. वीसेक पावलांवर तळ गेला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, तो काढायला जोर केला तर डावा मांडीपर्यंत. भरती लागली होती. पाणी कमरेवर आलं होतं ते बरगडीला लागलं.

थोड्या अंतरावर एक बाई पाण्यात गळ्याइतकी बसून कोळंबी पकडत होती. तिकडच्या बायका जाळं घेत नाहीत. दोन्ही हात तळाशी फिरवतात आणि ताडाच्या पानांची टोपली दातांत धरतात. मी हाक मारली. तिने पाहिलं, पण तोंडात टोपली. "ऊं! ऊं!" करून ती हाताने काहीतरी खुणावू लागली. मला वाटलं, ये म्हणते आहे. मी आणखी जोर केला आणि आणखी रुतलो. तेव्हा तिने टोपली सोडून दिली. सकाळपासूनची कोळंबी माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली.

"साहेब, ओढू नका पाय!" ती तमिळमध्ये ओरडली. "आडवे व्हा! उताणे! झोपा पाण्यावर!"

"मला पोहता येत नाही!"

"पोहायला कोण सांगतंय? झोपायला सांगतेय. तेही येत नाही?"

ती जवळ आली आणि माझ्या मानेखाली हात घातला. मी पाठ टाकली. कानात पाणी गेलं आणि सगळे आवाज बंद झाले. वर आभाळ होतं. ते पांढरे पक्षी वरून चालले होते, किती ते मी मोजले नाहीत. खालून चिखलाने पाय हळूहळू सोडले, आधी डावा, मग उजवा. नारायणाचं नाव तोंडात आलं तेही मी घेतलं असं म्हणवत नाही. ते आलं. असा हलका मी आई गेल्यापासून एक क्षणही झालो नव्हतो.

काठावर बसल्यावर मला रडू कोसळलं. बाईने विचारलं, "घरात कोण गेलं?" आणि जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं. आई गेली तेव्हा मी झोपलो होतो.

ती पदर पिळत होती. म्हणाली, "मग बरं झालं की. आईने जाताना लेक निवांत झोपलेला पाहिला. माझ्या आईने जाताना माझं भोकाड ऐकलं." आणि हसून टोपली शोधायला पुन्हा पाण्यात शिरली.

त्याच संध्याकाळी मी पत्नीला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी भटजींना. त्यांनी हातातलं पंचांग मिटलं. मग म्हणाले, "आता सांगताय? असो. मृत्यूची तिथी कळली नसेल तर त्या महिन्याची वद्य एकादशी घ्यावी नाही तर अमावास्या. शास्त्राने सोय ठेवली आहे." अकरा महिने मी ज्याच्या भीतीने जळत होतो, ते असं दोन वाक्यांत मिटलं. कळलं नाही असं म्हणणारी माणसं माझ्या आधीही होऊन गेली होती, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी विचार करून ठेवला होता.

मी आक्काला पत्रात सगळं लिहिलं, भटजींचं म्हणणंही. खोटं बोलून मिळवलेली एकादशी नको, अमावास्या धरतो, असंही लिहिलं. तीन आठवडे उत्तर नाही. मग एक दिवस ती स्वतःच दारात उभी राहिली, चेहरा लाल.

"चारचौघींत सांगत फिरले मी! काय वाटलं असेल मला?" बराच वेळ ती बोलत होती, मी ऐकत होतो. मग म्हणाली, "आणि अमावास्या का? शिक्षा हवी तर तू घे, आईची एकादशी कशाला काढतोस? भटजी घ्या म्हणताहेत ना?"

मी वाद घातला नाही. माघ वद्य एकादशीला श्राद्ध झालं. आक्काच अजून अधूनमधून टोमणा मारते, "झोप झाली का रे आण्णा?"

त्या बाईला देवाने धाडलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ती कोळंबी पकडायला आली होती. पुढे दोनदा एन्नोरला गेलो, ती भेटली नाही. खाडीलाच नमस्कार करून आलो. पण त्या सकाळी मला कुणीतरी धरलं होतं, आणि ते मी हातपाय मारणं थांबवल्यावरच मला कळलं. आई नेमकी केव्हा गेली हे मला या जन्मी समजणार नाही. ज्याला ते ठाऊक आहे, त्याच्याकडे ते असू दे. मी पिंड ठेवतो, हात जोडतो, आणि हल्ली रात्री मला झोप लागते.