औषध उपासाला चालतं

आमच्या घरात पोटात काहीही झालं तरी त्याला पित्तच म्हणत. त्यामुळे हे गेल्यावर माझ्या पोटात, बेंबीच्या वर, आग पडायला लागली, तेव्हा मीही पित्त म्हणून मोकळी झाले. रिकाम्या पोटी दुखायचं, दोन घास खाल्ले की थांबायचं. पण एकटीसाठी कुकर कोण लावणार? चहा-बिस्किटावर दुपार निघायची. कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभरात मी तोंड उघडायचे ते दूधवाल्यापाशी, आणि तेही ‘अर्धाच लिटर’ म्हणण्यापुरतं.

संकष्टी मात्र सोडली नाही. ती ह्यांची होती, मी पुढे चालवली. गुडघ्यांसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणायचे, त्या त्या दिवशीही घ्यायचे, नुसत्या चहाबरोबर. साबुदाणा मला सोसत नाही, पण औषध उपासाला चालतं ना! शास्त्र सांभाळलं आणि पोटाचं वाटोळं केलं.

मग शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं, जिना चढताना धाप लागायला लागली. काळ्या मनुका खाल्ल्यात त्याचं असेल, अशी मी आपली समजूत घातली. डॉक्टरांना सांगितलं तर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, हे पित्तबित्त नाही, व्रण असणार आणि त्यातून रक्त जातंय. गोळ्यांनी झाला असेल, नाहीतर जंतूंनी. उद्या सकाळीच दुर्बीण घालून बघू. येताना बरोबर कोणीतरी हवं, एकटीला घेणार नाही.

झालं! इथेच सगळं अडलं. मूलबाळ नाही. भाऊ नागपूरला, तोही अंथरुणाला खिळलेला. सोसायटीत हसून बोलणारे पुष्कळ, पण माझ्या घशात नळी घालणार आहेत, चला, असं कोणाला म्हणायचं? फार एकटं वाटलं त्या संध्याकाळी. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंची बेल वाजवली. माझ्या धुण्याचं पाणी त्यांच्या पापडांवर गळलं होतं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. पण सकाळी घरी असणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी ऐकून घेतलं, किती वाजता निघायचं एवढंच विचारलं आणि दार लावलं.

सकाळी रिक्षात आम्ही दोघी दोन बाजूंना बघत बसलो होतो.

तपासणी झाली. घसा बधिर केल्यामुळे मला बोलता येत नव्हतं, म्हणून डॉक्टर सगळं बाईंनाच सांगत होते. जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण आहे. रक्त आता थांबलंय, तरी दोन दिवस इथेच ठेवू. गुडघ्याच्या गोळ्या बंद. आम्ल कमी करणारं औषध रोज, तपासणीत जंतू निघाले तर त्यांचा वेगळा कोर्स. नुसत्या दुधावर राहून भागणार नाही.

“आणि उपास बंद. ह्यांना वेळेवर जेवायला वाढत जा,” ते म्हणाले.

“मी खालच्या मजल्यावर राहते, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “त्यांना वाढणारं कोणी नाही.”

त्यात कुचकेपणा नव्हता. जे होतं ते त्यांनी सांगितलं. हे गेल्यापासून जो विचारेल त्याला मी ‘माझं अगदी छान चाललंय’ म्हणून सांगत आले होते. तेवढंही आता म्हणता येईना. डोळ्यांना धारा लागल्या. नळीमुळे येतं पाणी, असं म्हणून नर्सने कापसाचा बोळा हातात दिला, आणि मी मान डोलावली.