दाजींच्या गाडीची कड

बोळेमामांचं खरं नाव कागदोपत्री असेल तेवढंच. हातात सदा फडक्यात बांधलेला कापसाचा बोळा, म्हणून लहानथोर त्यांना बोळेमामा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लाकडाला पॉलिश केलं. त्यांनी पॉलिश केलेल्या टेबलात तोंड बघून माणसं भांग पाडत. ही ऐकीव गोष्ट नाही, मी स्वतः पाडलाय.

उस्तादांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी कडा करायच्या, मग पोट. मळ कडेला साचतो, हात कडेलाच कंटाळतो आणि गिऱ्हाईक बोट फिरवतं तेही कडेवरूनच. दार असो की पलंग, मामांचा हात विचार न करता आधी कडेला जायचा.

पुढं बोटं आखडली. धरलेला बोळा निसटू लागला. तेव्हा मामांनी लाकूड घासायचं सँडर मशीन पॉलिशच्या कामाला लावलं. चकतीवरचा पॉलिश पेपर काढायचा, तिथं लोकरीची टोपी चढवायची, वेग कमी ठेवायचा आणि मेण लावून सावकाश फिरवायचं. दिवसाचं काम दोन तासांत होऊ लागलं. मामांना मात्र त्याचा आनंद झाला नाही.

"बोळ्यातून लाकूड काय म्हणतंय ते कळायचं," ते म्हणत. "हे मशीन आपलंच पुराण लावतं. दुसऱ्याचं ऐकूच देत नाही."

मामांची थोरली बहीण पलीकडच्या रस्त्यावर राहायची. अक्का. तिचे यजमान, म्हणजे दाजी, गाड्यांचे रंगारी. मेहुण्या-मेहुण्यांची कायम जुंपलेली.

"मेहुणे, तुमच्या लाकडाला सात खून माफ," दाजी म्हणत. "कितीही घासा, खाली लाकूडच निघणार. आमचा रंग म्हणजे दुधावरची साय."

"म्हणून तर तुम्ही नुसती फुंकर मारून पैसे घेता," मामा म्हणत, आणि अक्का दोघांनाही चहाबरोबर गप्प बसवी.

दाजींनी आयुष्यभर लोकांच्या गाड्या रंगवल्या, स्वतःची एकच. कुणीतरी मोडीत काढलेली, पण रंग दाजींनी स्वतः कालवलेला. निळा म्हणावा तर हिरव्याकडे झुके, हिरवा म्हणावा तर ढगासारखा काळवंडे. कशात काय किती घातलं विचारलं, की कपाळाला बोट लावून म्हणत, "इथं लिहून ठेवलंय."

एका सकाळी दाजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कपाळाआडचं सगळं लिखाण तिथंच कुलूपबंद झालं. अक्कानं खाट खिडकीशी ओढली आणि त्यांच्या डाव्या हातात एक चमचा दिला. खिडकीच्या गजावर एकदा वाजला की हो, दोनदा वाजला की नाही. नवरा-बायकोचा सगळा संसार त्या दोन शब्दांवर आला.

वर्षभर गाडी खिडकीसमोरच्या छपराखाली धूळ खात होती. दाजी दिवसभर तिच्याकडे बघत. शेवटी अक्कानं भावाला बोलावलं.

"अरे, एकदा चमकव तिला. यांना डोळे भरून बघू दे."

"अक्का, मी लाकडाचा माणूस."

"चमक ती चमक. लाकडाची काय वरून येते?" आणि खिडकीकडे वळून तिनं विचारलं, "अहो, यानं केली तर चालेल ना?"

टक.

त्या एका आवाजानं मामांची मान ताठ झाली. दाजींनी त्यांच्या कामाला हो म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी धुतली, सुकवली. सँडरला नवी टोपी चढवली, रंग घासून उजळवणारी रबिंगची पेस्ट लावली, कानात कापूस घातला. मशीन गुरगुरू लागलं आणि हात आपोआप बॉनेटच्या कडेला गेला.

खिडकीत चमचा हलताना त्यांना दिसला. दाजी खूश झाले! मामांनी हात उंचावला. चमचा आणखी जोरात हलू लागला. तेव्हा मामांनी मशीन कडेवर जरा दाबूनच धरलं. चांगली उजळू दे.

मागच्या दारी कपडे धुणारी अक्का ओल्या हातांनी धावत आली.

"अरे, दोनदा वाजवतायत! मघापासून दोनदा वाजवतायत!"

कापसातून काही ऐकू येईना. तिनं प्लगच उपटला.

रंग कडेवर सगळ्यात पातळ बसतो, म्हणून गाडीचं काम करणारे कडेला शेवटी जातात, तेही हलक्या हातानं. नवख्यालाही ठाऊक असलेली ही गोष्ट चाळीस वर्षं हात घासलेल्या मामांना ठाऊक नव्हती. बॉनेटच्या कडेला रंगाखालचं राखाडी अस्तर वीतभर उघडं पडलं होतं.

खिडकीतला चमचा थांबला होता.

मामा मागच्या खोलीत गेले. दाजींचे जुने डबे काढले, वाळलेल्या साली फोडून खालचा ओला रंग शोधला. एका झाकणावर निळ्यात थोडा हिरवा कालवला आणि खाटेशी गेले.

"दाजी, हा?"

टक टक.

थोडा काळा घातला. टक टक. पांढरा घातला. टक टक. लाकडाचा रंग ओळखणाऱ्या त्या डोळ्यांना हा एक रंग सापडेना, आणि ज्याला तो ठाऊक होता त्याला सांगता येईना. झाकणं संपली तेव्हा अक्कानं ताटल्या दिल्या. ऊन भिंतीवरून उतरून खाटेखाली गेलं.

"राहू दे रे आता," अक्का म्हणाली. "दमले ते."

"एकच. हा शेवटचा."

दाजींनी ताटलीकडे पाहिलं. मग मामांच्या रंगानं माखलेल्या, आखडलेल्या बोटांकडे बराच वेळ पाहत राहिले.

टक.

मामांनी ताटली गाडीपाशी नेली. रंग जुळत नव्हता, लाकडाच्या माणसालाही ते दिसत होतं. ते वळले आणि खिडकीकडे बघत उभे राहिले. चमचा आता पांघरुणावर पडला होता.

त्यांनी फडक्यात कापूस बांधला, बोळा त्या चुकीच्या रंगात बुडवला आणि वीतभर कड हातानंच भरू लागले.