अनुदानाची पाहणी

मारहाण झालेल्या बायकांसाठी आम्ही शहरातल्या महाल भागात दोन खोल्यांचं निवारागृह चालवायचो. सरकारी अनुदान वर्षभर अडलं होतं. अखेर एक अधिकारी पाहणीला आले. भिवापूरची एक बाई तेव्हा नुकतीच आमच्याकडे आली होती. नवऱ्यानं तिच्या खांद्यावर कुऱ्हाड घातली होती.

"जखम दाखवा, खात्री करायची आहे," अधिकारी तिला म्हणाले.

तिनं पदर घट्ट ओढला. "काहून दाखवू? मी काय तमाशा आहो?"

"ती दाखवणार नाही," मी म्हणाले.

ते चहा न घेताच गेले. अनुदान त्याही वर्षी आलं नाही. बायका मिरचीचे देठ खुडायचं काम आणू लागल्या, त्यावर चूल पेटत राहिली. मी पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढू लागले. पाय भरून यायचे, पण तिला बोल लावावा असं कधी वाटलं नाही.