ताईंनी खोडलेली नोंद

रत्नमालाताई भिसे यांची आणि माझी पहिली भेट सोनपेठला त्यांच्या घरी झाली. ती फारशी गोड नव्हती, हे त्यांच्या षष्ट्यब्दीच्या या गौरवग्रंथात आधीच सांगून टाकतो.

बाजाराचा दिवस होता. पालमहून एसटी बदलत मी पोचलो, बगलेत माझी अनुभवाची वही. ताईंचं काम आपल्या जिल्ह्यात थोड्यांनाच ठाऊक आहे. अवजड यंत्रं बार्जवर, म्हणजे ओढून न्यायच्या सपाट बोटीवर, लादून समुद्रातून नेताना विमा कंपनी अट घालते की, त्रयस्थ तज्ज्ञाने पाहून होकार दिल्याशिवाय बार्ज हलवायचं नाही. हा तज्ज्ञ म्हणजे मरीन वॉरंटी सर्व्हेअर. त्याला जहाजावरची किंवा इंजिनिअरिंगची पदवी पुरत नाही. जाणत्या सर्व्हेअरच्या हाताखाली किती कामांवर प्रत्यक्ष उभे राहिलात, त्याची वही भरावी लागते. ती पडताळली गेली, तरच या व्यवसायाची समिती मान्यता देते. माझी वही पडताळण्याचं काम ताईंकडे होतं.

माझी प्रमाणपत्रं वाचताना त्या आडनावापाशी थांबल्या. आडनावावरून माणूस तोलणारे लोक आमच्या बौद्ध घराने पुष्कळ पाहिले होते. मी तोच अर्थ लावला.

"सावळे, एका कागदावर व्ही हाय, दुसऱ्यावर डब्ल्यू," ताई म्हणाल्या. "ही दोन माणसं हायत का एकच?"

मी खुलासा केला. पण मनातला संशय हलला नाही. मग त्या सातव्या नोंदीवर आल्या.

"बार्ज निघालं तवा वारा कुठून होता?"

"वायव्येकडून. बारा नॉट."

"ते अहवालात लिहिलंय. तुमी तिथं होतात का?"

त्या दिवशी मी कार्यालयात बसून होतो. वरिष्ठांनी हजर असलेल्यांच्या यादीत माझं नाव घातलं होतं, आणि सगळेच असं करतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ताईंनी नोंदीवर आडवी रेघ मारली. त्या वर्षी माझी मान्यता हुकली.

मी समितीकडे लेखी तक्रार केली की, ताई जात पाहून निर्णय देतात. सातवी नोंद खोटी होती, हे मात्र त्यात लिहिलं नाही. समितीने तक्रार ताईंकडे धाडली. त्यांनी स्वतःहून त्या वर्षी तपासलेल्या सगळ्या वह्या फेरतपासणीला दिल्या. अशाच आणखी दोन नोंदी खोडलेल्या निघाल्या. त्यांतली एक त्यांच्या जिवलग मैत्रिणीच्या मुलाची होती. हे मला फार नंतर कळलं.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "सोमवारी कोकणात बार्ज भरायलेत. मी जायलेय. येता का?"

मला यात डाव दिसला. तरीही गेलो.

जेट्टीवर भलामोठा ट्रान्सफॉर्मर बार्जला पोलादी आधारांनी जखडला होता. कागद चोख होते. एका आधारावर मात्र रंग ताजा होता, बाकीचे धुळकट. मी रंग खरवडायला लावला. खाली जोडाला बोटभर चीर होती. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "लय बारीक आहे साहेब. उद्यापासून हवा बिघडतेय, आजच सोडा." बार्ज ओढणाऱ्या बोटीवरचे खलाशी आमच्याकडे बघत होते. मी ताईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत राहिल्या.

"सोडणार नाही," मी म्हणालो.

जोड नव्याने केला गेला, हवा निवळली आणि आठवड्याने बार्ज सुखरूप गेलं. ताईंनी माझ्या वहीत लिहिलं: 'उपस्थित होते. स्वतः पाहिले. नाही म्हणाले.' पुढच्या वर्षी मला मान्यता मिळाली. तक्रारीचा विषय त्यांनी आजतागायत काढलेला नाही, आणि मला तो काढण्याचं धैर्य झालं नाही.

तक्रार लेखी होती, म्हणून माफीही लेखी, चारचौघांसमोर मागतो. ताई, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला होता. आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि आम्ही पुढे ठेवलेल्या कोणत्याही कागदावर, या लेखावरसुद्धा, आपण सहजासहजी विश्वास ठेवू नये.