जोतं दिसलं पाहिजे

तिकीटमास्तरांचा स्वभाव असा, की पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही. लाँचवर तिकिटं फाडण्यात जन्म गेला, तिथं इंजिन बंद पडलं तरी प्रवाशांना म्हणायचे, "निघतेय, निघतेय." बायकोलाही तोच मासला. "कचेरीचं मी बघतो, तू घर बघ." आता बघायला घरच उरलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वादळानं किनाऱ्यावरचं त्यांचं घर झोपवलं. भिंती गेल्या, पत्रे कुणाच्या तरी बोटीत जाऊन पडले. राहिलं ते फक्त जोतं, म्हणजे ज्यावर भिंती उभ्या होत्या त्या दगडांच्या रांगा, त्याही जागोजागी फुटलेल्या. तेव्हापासून दोघं मेव्हण्याच्या एका खोलीत. हा मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मास्तर त्याला पाठीमागे 'खायला काळ नि भुईला भार' म्हणायचे. आणि आता त्याच्याच चटईवर झोपायचं! घर पुन्हा बांधायची परवानगी मिळाली नाही तर मरेपर्यंत तिथंच झोपायचं होतं.

बांधकामाच्या कचेरीत त्यांना स्वच्छ सांगितलं होतं : समुद्राच्या एवढ्या जवळ नवीन घर बांधता येत नाही. जुनं पडलं असेल तर त्याच जोत्यावर, तेवढंच पुन्हा उभारा. पण मोजणीच्या दिवशी जोतं जागेवर दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर तो मोकळा प्लॉट, आणि मोकळ्या प्लॉटला परवानगी नाही.

मास्तरांनी मान डोलावली आणि घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं, "मोजणीवाल्या मॅडम येणार आहेत जागा बघायला."

झालं! बायकोला तेवढं पुरे होतं. दार वाजलं की ही आधी झाडू शोधणार आणि मग कडी काढणार, असला प्रकार.

मोजणीच्या दिवशी मॅडमना आणायला मास्तर स्वतः रिक्षा घेऊन गेले. वाटेत मॅडमनी विचारलं, "जोतं शाबूत आहे ना?"

"आहे तर! डोळ्यांनीच बघा."

रिक्षा वळली आणि मास्तर बघतात तो काय! प्लॉट तळहातासारखा साफ! वाळू सारखी केलेली, वर पाणी मारलेलं, मधोमध दोन खुर्च्या. शेजारी बायको हसत उभी, आणि मेव्हणा टॉवेलनं मान पुसतोय.

"जोतं कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"काढून टाकलं!" बाई कौतुकानं म्हणाल्या. "तुम्हाला ठेच नको लागायला. टेम्पो भरून दगड पाठवले खाडीच्या भरावाला. बसा ना."

मॅडमनी हातातली टेप पिशवीत ठेवली.

"पायासुद्धा उकरला?"

"मुळापासून!" मेव्हण्यानं छाती फुगवली. "एक दगड ठेवला नाही. पाठीचं पार भुस्काट झालं."

"मग संपलंच. मोकळा प्लॉट म्हणून लिहावं लागेल मला."

आता मास्तरांचा बांध फुटला. "अगं, काय करून बसलीस! जोतं होतं म्हणून घर होतं! तेच दाखवायला आणलं होतं यांना!" आणि कचेरीतला नियम त्यांनी एका दमात ओकून टाकला.

बाईंचा चेहरा उतरला. पण आवाज नाही चढला. "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मला सांगितलं नाही. चटईला चटई लावून झोपतो आपण, अहो. माझं घर नव्हतं का ते?"

मास्तरांनी मान खाली घातली. चूक कुणाची ते कचेरीत विचारायची गरज नव्हती.

मॅडम पेन काढत होत्या. तेवढ्यात बाई गर्रकन भावाकडे वळल्या. "इकडे ये. माझ्याकडे बघ. तू, आणि मुळापासून?"

"म्हणजे काय, ताई!"

"लहानपणी गवत उपटायला लावलं तर वरवर कापून यायचास तू. खरं सांग."

"सगळ्यांसमोर काय हे..."

"सांग!"

मेव्हण्यानं टॉवेल तोंडावरून फिरवला. "वर दिसत होते तेवढे उचलले. खालचे लई रुतले होते गं. वाळू ओढली वरनं."

मास्तर गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागले. नखाला दगड लागला. "आहे! मॅडम, आहे!"

"एका कोपऱ्यानं भागत नाही. चारही दाखवा," मॅडम म्हणाल्या. पण पेन थांबलं होतं.

दुसरा सापडला, तिसरा सापडला. समुद्राकडचा चौथा काही केल्या हाताला लागेना. मास्तरांनी तीन ठिकाणी उकरलं. खड्ड्यांत पाणी भरायला लागलं होतं, आणि मॅडम घड्याळ बघत होत्या.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. त्या चालू लागल्या, घरात चालावं तशा. "हे दार. हा ओटा. इथं वळायचं. ही माझी मोरी." आणि थांबल्या. "इथं खणा."

मेव्हण्यानं फावडं मारलं ते ठणकन वाजलं. त्याच्या हयातीतलं पहिलं मन लावून केलेलं काम ते!

मॅडमनी टेप काढली, चारही बाजू मोजल्या आणि लिहिलेलं वाचून दाखवलं : 'जुनं जोतं जागेवर आढळलं. पुनर्बांधणीस हरकत नाही.' वर मोठ्या साहेबांची सही लागेल, म्हणाल्या, पण मोजणी अशी असली की ती अडत नाही.

रिक्षा गेली. मास्तरांनी एक खुर्ची मेव्हण्याकडे सरकवली. "बस. पाठ दुखत असेल."

"दाजी, टोमणा मारताय का?"

"नाही रे बाबा. तू मन लावून काम केलं असतंस तर मेलो असतो आज."

दुसऱ्या खुर्चीवर बाई बसल्या आणि मास्तरांना समोर वाळूतच बसवलं. "आता पहिल्यापासून सांगा. कचेरीत कोण भेटलं, काय म्हणालं, पुढं काय करायचंय. सगळं."

"ते मी बघ..." मास्तर बोलून गेले आणि थांबले. मग त्यांनी पायांची वाळू झटकली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.