महाराष्ट्र कोण होणार

"अगं, तू बोलतेस छानच. पण बघताक्षणी लोकांना महाराष्ट्र वाटायला हवा ना."

कार्यक्रम बसवणाऱ्या लिमयेकाकू हे हसत म्हणाल्या. शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्या मुलींसमोर. त्यांच्या हातात हिरवी नऊवारी होती. मी ती घ्यायला हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

बहारीनमधली भारतीय मुलांची शाळा. साल ऐंशी उलटून गेलं होतं. मी तेरा वर्षांची. सव्वीस जानेवारीला दर वर्षी तो देखावा व्हायचा, 'अनेकतेत एकता'. प्रत्येक राज्याची एक मुलगी आपापल्या पोशाखात यायची, माईकवर आपल्या भाषेत एक वाक्य बोलायची. पंजाब ठरली, केरळ ठरली, बंगाल ठरली. महाराष्ट्र कोण होणार, असं काकूंनी विचारलं आणि मी हात वर केला. आमच्या वर्गात मराठी घरातल्या दोघीच होतो. दुसरी त्यांची मुलगी अश्विनी. ती आईला इंग्रजीत उत्तर द्यायची.

काकूंनी नऊवारी अश्विनीच्या खांद्यावर टाकली. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमच्यासाठी शेवटी वेगळी जागा ठेवलीय. चार धर्मांच्या चार मुली. तू त्यात. डोक्यावर ओढणी घ्यायची आणि 'आदाब' म्हणायचं. सोपं आहे."

आदाब. आमच्या घरात हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. खाडीकाठचं गाव. आम्ही आईला आईच म्हणतो. आई साडी नेसते. भांडण मराठीत, अंगाई मराठीत, माणूस गेलं की रडणंही मराठीत. आईचं सातवीपर्यंत शिक्षण गावच्या मराठी शाळेत झालेलं. मला बाराखडी तिनेच शिकवली, मनामा शहरातल्या एका खोलीच्या घरात, स्टोव्हवर भात शिजेपर्यंत.

पण शाळेला हे कोणी सांगायचं? पाचवीत भाषा निवडायची वेळ आली तेव्हा मला कोणी विचारलंच नाही. नाव वाचलं आणि उर्दूच्या वर्गात बसवलं. तिथे मला एक अक्षर येईना. उर्दूचे सर लखनौकडचे. मी तोंड उघडलं की कपाळाला हात लावायचे. "ये कौन-सी ज़बान बोलती हो, बेटी?" पोरं हसायची. मराठी मुलींत मी मुसलमान. मुसलमान मुलींत मी गावठी.

आणि ज्या देशात राहत होते तो तर माझा नव्हताच. माझा जन्म इथलाच, सलमानियाच्या इस्पितळातला. समुद्र पाहिला तो इथला. पण व्हिसा अब्बांच्या नोकरीवर. नोकरी गेली की खलास.

त्या दिवशी हॉलमधून घरी आले. रडले नाही. आईने ताट वाढलं, मी जेवले नाही.

"कशाला गप हायस?" आईने विचारलं.

मी सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तुज्या अब्बांना बोलू नको. लिमये त्यांचा सायेब हाय."

तेच खरं दुखणं होतं. अब्बा सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर. लिमयेकाका तिथेच वरच्या जागेवर, शिवाय शाळेच्या समितीवर. काका मूळचे रत्नागिरीचेच. आमच्या गावापासून बैलगाडीने जाता येईल एवढ्या अंतरावरचे. पण अब्बांशी ते कायम हिंदीत बोलायचे. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा कानांनी ऐकलं. काकांनी हिंदीत विचारलं, अब्बांनी मराठीत सांगितलं. काकांनी पुन्हा हिंदीतच विचारलं. मग अब्बाही हिंदीत बोलायला लागले. मोडक्यातोडक्या. मान खाली घालून. एका जिल्ह्यातली दोन माणसं, आणि एकाने दुसऱ्याला परका ठरवून टाकलेलं.

आमच्या शेजारी एक बहारिनी कुटुंब राहायचं. त्यांचे पूर्वज समुद्रापलीकडून, इराणच्या किनाऱ्यावरून आलेले. घरात फारसी, रस्त्यावर अरबी. झहरा माझ्याच वयाची, सरकारी शाळेत जायची. तिची आजी, जिला सगळे बीबी म्हणायचे, मुंबईचं हिंदी बोलायची. नवऱ्याचा मुंबईशी व्यापार होता, लग्नानंतर काही वर्षं ती तिथे राहिलेली.

ते डिसेंबरचे दिवस. बहारीनचा राष्ट्रीय दिवस जवळ आलेला. गल्लीभर लाल-पांढरे झेंडे. देश नवा होता, इंग्रजांपासून मोकळा होऊन दहा-बारा वर्षं झालेली. दुकानांच्या पाट्यांवर वर अरबी, खाली इंग्रजी. आणि पाटीवर नसलेल्या कितीतरी भाषा दुकानांच्या आत.

मी त्यांच्या ओट्यावर गेले तर झहरा गुडघ्यात डोकं घालून बसलेली. तिला शाळेत देशावर चार ओळी म्हणायच्या होत्या. ओळी तोंडपाठ होत्या. पण वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुझं असल काय?" असल म्हणजे मूळ. तुम्ही खरे कुठले.

बीबी खजूर निवडत होती. मी माझं आदाबचं सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने खजूर बाजूला ठेवले.

"मैं इधर पैदा हुई, इधर मरेगी," ती म्हणाली. "मेरा बाप भी इधर गाड़ा है. फिर भी पूछते हैं, असल में किधर की? सुन. जो पूछता है ना, उसको कोई नहीं पूछता. बस इतना ही फरक है."

मग झहराकडे वळून ती फारसीत काहीतरी म्हणाली. झहराने तोंड पुसलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती म्हणाली, जा आणि मोठ्याने म्हण."

शाळेत झहराने म्हटलं. मोठ्याने. तो प्रश्न विचारणारी मुलगी पुढच्याच बाकावर होती, असं झहराने मला नंतर सांगितलं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. पण झहराने ओळी अर्ध्यात सोडल्या नाहीत.

मी महिनाभर तालमी केल्या. ओढणी घेतली. हात कपाळाशी नेऊन आदाब केला. काकू म्हणायच्या, "आणखी थोडं वाक. गोड दिसतं." मी वाकायची. आतून मात्र काहीतरी ताठ होत चाललं होतं.

सव्वीस जानेवारी. हॉल भरलेला. पुढे सूटबुटातले लोक, मागे भिंतीला टेकून ड्रायव्हर, फिटर, त्यांची बायकामुलं. अब्बा आणि आई मागेच उभे. राज्यं येऊन गेली. अश्विनी आली, 'जय महाराष्ट्र' म्हणून गेली. तिचा राग मला तेव्हाही नव्हता. साडी तिने मागितली नव्हती, तिच्या आईने नेसवली होती.

मग आम्ही चौघी. पहिलीने हात जोडले. दुसरी, तिसरी. माईक माझ्यासमोर आला. विंगेतून काकू हात कपाळाला लावून खुणावत होत्या.

मी ओढणी खांद्यावर घेतली. सरळ उभी राहिले.

"मी रत्नागिरीची," मी म्हटलं. "माजी बोली मराठी. मी पन महाराष्ट्रच हाय."

पुस्तकी मराठी मला येत होती. आईने शिकवली होती. मुद्दाम बोलले नाही. घरची बोलले.

मागून एक टाळी वाजली, पण पुढचे मागे वळून बघायला लागले तशी ती थांबली. कोणीतरी घाईने पडदा ओढला. काकूंनी माझा दंड धरून मला विंगेत खेचलं.

"किती उपकार करावेत तुमच्यावर," त्या दातांवर दात ठेवून म्हणाल्या. "तुम्ही सुधारणार नाही."

तुमच्यावर. मी एकटी उभी होते. पण त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी अब्बांना आणि मला शाळेत बोलावलं. प्रिन्सिपॉल खुर्चीत, शेजारी लिमयेकाका. प्रिन्सिपॉल इंग्रजीत म्हणाले, राष्ट्रीय कार्यक्रमाचा अपमान झालाय, मुलीने माफी मागावी. काका अब्बांकडे वळले.

"बच्ची को समझाओ, भाई. माफ़ी माँग लेगी, बात खतम."

त्या माणसाच्या एका शब्दावर आमचं छप्पर होतं.

मी म्हटलं, "मी खोटं काय बोलले ते सांगा. मग मागते माफी."

"देखो, कैसे बात करती है," काका म्हणाले.

तेव्हा अब्बांनी मान वर केली.

"लिमयेसायेब, मी मराठीत बोलतंय. तुमी पन मराठीत बोला. तुमचा नि माजा तालुका एकच हाय."

काकांचा चेहरा लाल झाला. मग म्हणाले, मराठीत, "ठीक आहे. मग मराठीतच सांगतो. ती माफी मागेल."

"नाय मागनार," अब्बा म्हणाले. आणि माझा हात धरून बाहेर पडले.

घरी आल्यावर आईला म्हणाले, "चहा कर." एवढंच.

त्याची किंमत आम्ही दिली. मला वर्षभर कुठल्याच कार्यक्रमात घेतलं नाही. अब्बांना स्टोअरच्या खोलीतून काढून बाहेरच्या आवारात टाकलं. लोखंड उतरवून घ्यायचं काम. तो उन्हाळा त्यांनी बहारीनच्या उन्हात काढला. मान भाजून सोललेली. आई रात्री खोबरेल लावायची. मी माफी मागायला हवी होती, असं त्या घरात कोणी एकदाही म्हटलं नाही.

उर्दूचा वर्ग मी सोडला. उर्दू वाईट म्हणून नाही. मला न विचारता माझी ठरवली म्हणून. शाळेत मराठी विषय नव्हता, म्हणून आईकडेच शिकत राहिले.

पुढच्या डिसेंबरात लिमयेकाकू स्वतः आमच्या घरी आल्या. पहिल्यांदाच. या वर्षी मोठे पाहुणे येणार होते. वर्तमानपत्रवालेही. काकू आईने दिलेलं पाणी हातात धरून बसल्या. प्यायल्या नाहीत.

"आम्ही समितीत ठरवलंय," त्या मला म्हणाल्या. "या वर्षी महाराष्ट्र तू हो. मुसलमान मुलगी नऊवारीत. लोकांना किती बरं वाटेल."

पिशवीत तीच हिरवी साडी होती. एक वर्षापूर्वी मी त्या साडीसाठी काहीही केलं असतं.

मी पिशवी बंद केली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"काकू, ही जागा तुमची नाही. जी तुमची नाही ती तुम्ही मला देऊ शकत नाही."

"म्हणजे तुला मराठी म्हणवून घ्यायचं नाही?"

"म्हणवून घ्यायचं नाही," मी म्हटलं. "मी आहे."

त्या गेल्या. आईने तो पाण्याचा पेला मोरीत ओतला.

त्यानंतर मी कुठल्याच देखाव्यात उभी राहिले नाही. कोणाला बरं वाटावं म्हणून नाही, कोणाची एकता पुरी व्हावी म्हणून नाही. ज्याला देश मांडायचा असेल त्याने मला विचारून मांडावा. मी नमुना होणार नाही. आणि मी कुठली, हे मी कोणालाही पटवून देणार नाही.