बिनआवाजाचा पंखा

वारज्यातल्या आमच्या दिवाणखान्यात दर रविवारी सकाळी माझे चार-पाच जुने मित्र गाणं ऐकायला जमत. नियम एकच होता. तबकडी संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. चहासुद्धा नंतर.

माझा अँप्लिफायर लाकडी कपाटात बसवलेला. उन्हाळ्यात तो तापायचा आणि ख्याल ऐन रंगात आला की बंद पडायचा. म्हणून मी कपाटाच्या मागच्या फळीला भोक पाडून एक पंखा बसवला. पंखा बारा व्होल्टचा, पण मुद्दाम नऊवर चालवला, म्हणजे तो संथ फिरतो. स्क्रूखाली रबरी वॉशर घातले, म्हणजे लाकूड थरथरत नाही. गरम हवा बाहेर आणि आवाज शून्य! त्या शून्याचा मला भारी अभिमान होता. दर रविवारी मी मुद्दाम विचारायचो, "पंखा ऐकू येतोय का कुणाला?" सगळे म्हणायचे, "छे!"

आणि ही माणसं काही गोडबोली नव्हेत. बायकोच्या पोह्यांत मीठ जास्त पडलं तर "वारज्याला समुद्र कधी आला?" असं विचारणारी. माझ्या नव्या शर्टाला पडद्याचं कापड म्हणणारी. तेव्हा त्यांनी छे म्हटलं की माझ्या दृष्टीने विषय संपायचा.

या उन्हाळ्यात माझ्या शाळेपासूनच्या मित्राने आपल्या भाचीला आणलं. मुलगी हिंजवडीत नोकरीला, गाण्याची आवड असलेली. आलाप सुरू झाला आणि नियम ठाऊक नसल्यामुळे ती मध्येच म्हणाली, "काका, तो फॅन जरा बंद कराल का? केवढी शिट्टी वाजतेय."

मी हसलो. एकटाच. मग उठून पंख्याचं बटण बंद केलं.

"हां, आता मस्त," ती म्हणाली. माझ्या कानांना काडीचा फरक जाणवला नव्हता. बाकीचे मात्र खुर्च्यांत सैलावून बसले.

मी तबकडीवरची सुई उचलली. "कधीपासून?"

"दिवाळीपासून," मित्र खाली बघत म्हणाला. "बेअरिंग गेलंय त्याचं. तुला ऐकू येत नाही हे लक्षात आलं आमच्या. वहिनी म्हणाल्या, बोलू नका."

"अहो, तुमच्या मनाला लागलं असतं," बायको म्हणाली.

कान गेल्याचं दुःख मी सावकाश केलं असतं. वय झालं की जातात कान. पण दिवाळीपासून दर रविवारी मी भाबडेपणाने विचारत होतो आणि हे सगळे माझ्याच घरात बसून, एकमेकांकडे न बघता, छे म्हणत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. शर्टाला नावं ठेवताना माझ्या मनाची फिकीर कुणी केली नव्हती.

"मग येत कशाला होतात?" मी ओरडलोच. "त्या शिट्टीत गाणं काय डोंबल ऐकू येत होतं तुम्हाला?"

मित्राला बहुधा माझी समजूतच घालायची होती.

"अरे, आमची नको काळजी करूस," तो म्हणाला. "गाणं आम्ही शनिवारी माझ्याकडे नीट ऐकतो की."

मी बायकोकडे पाहिलं. तिला हेही ठाऊक होतं.